वाढ हा तोट्यावरचा उतारा नव्हे

कपड्यांचा एखादा छोटा ब्रँड अडचणीत आला की त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. ब्रँड पुण्यातला असो, कोल्हापुरातला असो, नाहीतर डोंबिवलीत दोन खोल्यांतून चालणारा असो. माल गोदामात पडून आहे, शिंप्यांची बिलं थकली आहेत, बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली आहे, आणि समोर बसलेले सल्लागार सांगतात, ‘‘तुम्ही लहान आहात, हीच तुमची अडचण आहे. स्केल करा.’’ नवउद्योजकांच्या शिबिरात हेच ऐकायला मिळतं, गुंतवणूकदाराच्या केबिनमध्ये हेच, आणि आता घरातली वडीलधारी माणसंही हेच म्हणू लागली आहेत.

या सल्ल्याची पाच कलमं आहेत. डिझाइन्स वाढवा, म्हणजे ग्राहकाला निवडीला वाव मिळेल. जाहिरात वाढवा, म्हणजे नवे ग्राहक येतील. मोठ्या ऑनलाइन बाजारांत आणि दुकानसाखळ्यांत माल ठेवा, म्हणजे नाव देशभर पोचेल. स्वतःचं दुकान उघडा, म्हणजे ब्रँडला प्रतिष्ठा येईल. आणि या सगळ्याला पैसे नसतील तर बाहेरून भांडवल आणा. या पाचही कलमांच्या मागे एकच तर्क असतो: विक्री वाढली की कापड स्वस्त पडेल, पगार-भाड्याचा बोजा जास्त नगांवर विभागला जाईल आणि आजचा तोटा आपोआप नफ्यात बदलेल. म्हणून तोट्याची भीती बाळगू नका. जो वाढत नाही तो संपतो.

हा तर्क चुकीचा आहे, आणि तो चुकल्याची किंमत सल्लागारांना कधीच मोजावी लागत नाही. ती मोजतो घर तारण ठेवलेला मालक. ती मोजतात मोठ्या ऑर्डरीच्या भरवशावर हप्त्याने नवी मशिन्स घेतलेले शिंपी. ती मोजतो तीन महिन्यांच्या उधारीवर कापड देऊन बसलेला व्यापारी. अडचणीतल्या ब्रँडसमोर वाढीचे निर्णय असतातच, पण त्यांतला पहिला निर्णय बहुतेक वेळा काहीतरी बंद करण्याचा असतो. हे सांगायला कुणी धजत नाही, म्हणून ते स्पष्ट सांगायला हवं.

आधी हिशेब करू. समजा, एक सुती शर्ट ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवरून १,४९९ रुपयांना विकला जातो. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. तो वजा जाता हाती येतात १,४२८ रुपये. कापड, शिलाई, बटणं, धुलाई, इस्त्री धरून शर्ट ५२० रुपयांना पडतो. कागदावर नऊशे रुपयांचा नफा दिसतो आणि विस्ताराच्या सगळ्या योजना याच आकड्यावर उभ्या राहतात. आता अशी दहा पार्सलं पाठवून पाहा. एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर ४०० रुपये लागले, तर दहा ऑर्डरींचे ४,००० झाले. कुरिअरचे ९० प्रमाणे ९००. पॅकिंगचे २००. दहांपैकी तीन पार्सलं परत आली, कारण कॅश ऑन डिलिव्हरीच्या ग्राहकाने दार उघडलं नाही, दुसऱ्याला माप बसलं नाही, तिसऱ्याला रंग फोटोतल्यासारखा वाटला नाही. त्यांच्या परतीचे २७०. विकल्या गेलेल्या सात शर्टांवर पैसे वसुलीचं कमिशन २८०. त्या सातांचा उत्पादनखर्च ३,६४०. परत आलेल्यांपैकी एक शर्ट मळून आला आणि पुन्हा विकता येईना, त्याचे ५२०. खर्चाची बेरीज ९,८१० रुपये. सात शर्टांच्या विक्रीचे आले ९,९९६. दहा पार्सलांमागे उरले १८६ रुपये.

पार्सलामागे एकोणीस रुपयेही नाहीत. पगार, भाडं, फोटोशूट आणि व्याज मिळून महिन्याला तीन लाख लागत असतील, तर ते भागवायला महिन्याकाठी सोळा हजारांहून जास्त पार्सलं जायला हवीत. सल्लागार म्हणतील, मग तेवढी पाठवा. पण सतरा हजारावा ग्राहक पहिल्या हजारातल्या ग्राहकाइतक्या खर्चात मिळतो का? पहिले ग्राहक ओळखीतून येतात, त्याच शहरातले असतात, त्यांना ती शैली आधीपासूनच आवडत असते. त्यांच्यापलीकडे जाऊ तसा प्रत्येक नवा ग्राहक महाग होत जातो. वरच्या हिशेबात जाहिरातीचा खर्च ऑर्डरमागे फक्त ५० रुपयांनी वाढला, तर दहा पार्सलांमागे १८६ रुपये उरण्याऐवजी ३१४ रुपये खिशातून जातात. त्यानंतर जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त.

याच हिशेबात दुसरा एक बदल करून पाहा. जाहिरातीचा दर तोच, परतीचं प्रमाण तेच, पण दहांपैकी पाच ग्राहक जुने आहेत आणि जाहिरात न पाहता आपणहून परत आले आहेत. दोन हजार रुपये वाचले. दहा पार्सलांमागे २,१८६ रुपये उरले. तेच तीन लाख भागवायला आता महिन्याला चौदाशेच्या आत पार्सलं पुरतात. सोळा हजार आणि चौदाशे यांमध्ये जो फरक आहे, तो ब्रँडच्या आकाराने पडलेला नाही. शर्ट दुसऱ्यांदा घ्यावासा वाटला की नाही, याने तो पडलेला आहे.

म्हणूनच जाहिरातीचं कलम सर्वांत घातक आहे. नॅस्टी गॅल या अमेरिकी ब्रँडचा इतिहास या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. सोफिया अमोरुसो यांनी २००६मध्ये ईबेवर जुने, निवडक कपडे विकून सुरुवात केली. स्वतः कपडे शोधायचे, स्वतः फोटो काढायचे, ग्राहकांशी थेट बोलायचं, या पद्धतीवर व्यवसाय वाढला. २०११मध्ये विक्री सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर होती. पुढच्याच वर्षी ती १० कोटींच्या आसपास गेली. २०१२मध्ये गुंतवणूकदारांचे जवळपास ५ कोटी डॉलर आले. मग केंटकी राज्यात पाच लाख चौरस फुटांचं गोदाम आलं, लॉस एंजेलिसमध्ये दुकानं आली, जाहिरातीचा खर्च आला. नोव्हेंबर २०१६मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०१७मध्ये ब्रिटनच्या बूहूने ब्रँडचं नाव २ कोटी डॉलरला घेतलं. विक्री एका वर्षात चौपट झाली तेव्हा या कंपनीचं उदाहरण परिषदांमधून दिलं जात होतं. ते उदाहरण देणाऱ्यांपैकी किती जण आज शेवटची दोन वर्षंही सांगतात?

त्यानंतर जाहिरातीची बाजारपेठ आणखी अवघड झाली आहे. एप्रिल २०२१मध्ये अॅपलने आयफोनवर अॅप्सना वापरकर्त्याचा माग काढण्यासाठी परवानगी घ्यायला लावली. फेसबुकची मालक कंपनी मेटाने या एका बदलामुळे २०२२मध्ये १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असं स्वतः सांगितलं. ज्या छोट्या ब्रँडचा सगळा धंदा फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर चालतो, त्याचं भवितव्य कॅलिफोर्नियातल्या दोन कंपन्यांच्या भांडणावर ठरतं. अशा पायावर विस्तार करा, असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

आता डिझाइन्सच्या विविधतेचं कलम. ग्राहकाला निवड हवी असते, हे खरंच आहे. पण निवड देण्याचा खर्च कुणी समोर मांडतं का? एका नव्या शर्टाची सहा मापं आणि चार रंग म्हणजे चोवीस वेगवेगळे नग. वीस नवी डिझाइन्स आणली की चारशेऐंशी. प्रत्येक रंगासाठी रंगाईवाल्याची किमान मात्रा, प्रत्येक डिझाइनसाठी वेगळा पॅटर्न, वेगळं सँपल, वेगळं फोटोशूट. सहा महिन्यांनी एम आणि एल संपतात, एक्सएस आणि डबल एक्सएल पडून राहतात. साईझ सेट तुटला की दुकानदार तो माल घेत नाही आणि ऑनलाइन ग्राहकाला आपलं माप सापडत नाही. पुस्तकात तो माल अजूनही मालमत्ता म्हणून दिसतो, त्याच्या बळावर बँकेकडून कर्जही मिळतं, पण तो विकला जाणार नाही हे मालकाला कपाट उघडताक्षणी कळतं. अडचणीतल्या ब्रँडचे पैसे जातात कुठे, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर याच कपाटात असतं.

लोकरी बूट विकणाऱ्या ऑलबर्ड्सने हा रस्ता सर्वांच्या डोळ्यांदेखत चालून दाखवला. नोव्हेंबर २०२१मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्याच दिवशी या कंपनीचं मूल्य ४०० कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. बुटांवर उभा राहिलेला ब्रँड तोवर लेगिंग्ज आणि जॅकेटांकडे वळला होता. २०२३मध्ये व्यवस्थापनाने स्वतःच मान्य केलं की मूळ ग्राहकाला जे हवं होतं त्यापासून आपण दूर गेलो. सप्टेंबर २०२४मध्ये शेअर बाजारातलं स्थान टिकवण्यासाठी वीस शेअर्सचा एक शेअर करावा लागला. नावात एवढं बळ आणि हाताशी एवढं भांडवल असलेल्या कंपनीला जे पेललं नाही, ते आठ माणसांच्या ब्रँडला पेलेल, असं कशाच्या आधारावर सांगितलं जातं?

उलट बाजूचं उदाहरण वेल्समधल्या कार्डिगन या गावात आहे. चार हजार वस्तीच्या या गावात एकेकाळी चारशे माणसं आठवड्याला ३५,००० जीन्स शिवत होती. २००२मध्ये कारखाना बंद झाला. डेव्हिड आणि क्लेअर हिएट या दांपत्याने १९९५मध्ये हाउइज नावाचा कपड्यांचा ब्रँड सुरू केला होता. सायकल, स्केटबोर्ड आणि निसर्गाची आवड असणाऱ्यांसाठी टी-शर्ट, जॅकेट असं त्याचं स्वरूप. ब्रँडचं नाव झालं, पण वाढीला पैसा हवा होता, म्हणून २००६मध्ये त्यांनी तो टिंबरलँड या अमेरिकी कंपनीला विकला. २००९मध्ये दोघं त्यातून बाहेर पडले. मोठ्या कंपनीच्या पैशाने वाढणं म्हणजे काय, हे प्रत्यक्ष अनुभवलेल्या या दोघांनी पुढे काय केलं? याच गावात ह्यूट डेनिम सुरू केली आणि फक्त जीन्स बनवायच्या असं ठरवलं. टी-शर्ट नाही, जॅकेट नाही. बंद पडलेल्या कारखान्यातले कसबी कारागीर पुन्हा मशीनवर बसले. जानेवारी २०१८मध्ये मेगन मार्कल यांनी कार्डिफच्या भेटीत त्यांची जीन्स घातली आणि ऑर्डरींची प्रतीक्षायादी काही महिन्यांवर गेली. मग माणसं वाढली, जागा वाढली. मागणी आधी आली, विस्तार तिच्या मागून आला. सल्लागारांचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो.

तिसरं कलम मोठ्या दुकानसाखळ्यांचं आणि ऑनलाइन बाजारांचं. नाव देशभर पोचतं, हे मान्य. पण पैसे कधी पोचतात? दुकानसाखळ्या छोट्या ब्रँडचा माल बहुधा ‘विकला तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर ठेवतात. म्हणजे दुकान त्यांचं, पण भांडवल आणि धोका ब्रँडचा. सेलच्या हंगामात सवलतीचा भार वाटून घ्यावा लागतो, आणि हंगाम संपल्यावर परत येणाऱ्या खोक्यांत हाताळलेला, टॅग तुटलेला, मापांची मोडतोड झालेला माल असतो. ऑनलाइन बाजारात ग्राहक त्या बाजाराचा असतो. त्याचा फोन नंबर, त्याची आवड, त्याचं माप यांतलं काहीच ब्रँडच्या हाती राहत नाही. पुढच्या वेळी त्याच्यासमोर शंभर रुपयांनी स्वस्त असलेला दुसरा शर्ट ठेवला जातो.

दुसऱ्या बाजूला ब्रँडला आपली देणी वेळेत चुकवावीच लागतात. २००६च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आली. तिच्यानुसार या मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, म्हणजे थकवलेल्या रकमेवरही कर भरावा लागतो. शिलाई करून देणाऱ्या छोट्या कारखान्याला हे संरक्षण मिळायलाच हवं. पण मग ज्या ब्रँडला दुकानसाखळीकडून पैसे तीन महिन्यांनी येतात आणि शिलाईचे दीड महिन्यात द्यावे लागतात, त्याने मधले दीड महिने काढायचे कशावर? विक्री दुप्पट झाली की ही दरीही दुप्पट होते. नफ्यात असलेले धंदे खेळतं भांडवल संपून बंद पडतात ते इथेच. हा हिशेब मांडल्याशिवाय मोठ्या ऑर्डरीचा आग्रह धरणारा सल्लागार त्या ब्रँडचं नुकसान करत असतो.

दुकानाच्या कलमाबद्दल थोडक्यात. अनामत रक्कम, दलाली, फर्निचर आणि कराराचा बांधील काळ हे सगळे खर्च पहिला शर्ट विकण्याआधीच होतात. झाराच्या यशाचे दाखले देणाऱ्यांनी तारखाही सांगाव्यात. अमान्सिओ ऑर्टेगा यांनी कपडे शिवण्याचा उद्योग १९६३मध्ये सुरू केला. झाराचं पहिलं दुकान आ कोरुन्यात उघडलं १९७५मध्ये, आणि स्पेनबाहेरचं पहिलं दुकान पोर्तोत १९८८मध्ये. न्यूयॉर्कच्या सुप्रीमने १९९४मध्ये लफायेत स्ट्रीटवर दुकान थाटलं. मधल्या काळात जपानमध्ये दुकानं उघडली, पण अमेरिकेतलं दुसरं दुकान व्हायला २००४ उजाडलं. या दोघांनीही घाई केली नव्हती, आणि दोघांचाही माल आधी खपत होता.

आता शेवटचं आणि सर्वांत मोहक कलम, बाहेरचं भांडवल. अडचणीतल्या मालकाला हे सुटकेसारखं वाटतं. पण गुंतवणूकदाराचा पैसा ठरावीक काळात कैक पटींनी परत जाण्यासाठी आलेला असतो. त्याला वर्षाला पंधरा टक्क्यांनी वाढणारा, कर्ज नसलेला, बारा कुटुंबांना पोसणारा ब्रँड नको असतो. एकदा त्याचा पैसा घेतला की सावकाश जाण्याचा पर्याय मालकाच्या हाती उरत नाही. आउटडोअर व्हॉइसेस या व्यायामाच्या कपड्यांच्या अमेरिकी ब्रँडवर ग्राहकांचं मनापासून प्रेम होतं. गॅप आणि जे. क्रू ही मोठी नावं घडवणारे मिकी ड्रेक्सलर २०१७मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. दुकानं वाढली आणि तोटाही वाढला. ड्रेक्सलर २०१९मध्ये बाहेर पडले, संस्थापक टायलर हेनी यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये मुख्याधिकारीपद सोडलं, आणि त्याच सुमारास कंपनीचं मूल्य ११ कोटी डॉलरवरून ४ कोटींवर आल्याच्या बातम्या आल्या. मार्च २०२४मध्ये सगळी दुकानं बंद झाली. ग्राहकांचं प्रेम, अनुभवी नेतृत्व, भरपूर पैसा, सगळं होतं. नव्हता तो मुळातला हिशेब, आणि तो पैशाने विकत आणता आला नाही.

मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात गेल्यावर तरी मूल्य वाढतं का? एकाच नीट बसणाऱ्या पँटने २००७मध्ये सुरू झालेला बोनोबोस वॉलमार्टने २०१७मध्ये ३१ कोटी डॉलरला घेतला आणि २०२३मध्ये साडेसात कोटींना विकला. सुप्रीम व्हीएफ कॉर्पोरेशनने २०२०मध्ये २१० कोटी डॉलरला घेतला आणि २०२४मध्ये १५० कोटींना विकला. भांडवल आणि आकार यांनीच ब्रँड घडत असते, तर या दोन कंपन्यांकडे त्यांतलं काय कमी होतं?

इथे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. लहान ब्रँडला गिरणी कापड देत नाही, रंगाईवाला थोडक्या मालाला हात लावत नाही, कुरिअरचा दर जास्त पडतो. म्हणून काही एका आकाराखाली धंदा होऊच शकत नाही, असं म्हटलं जातं. किमान मात्रेची अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय कोणता? वीस डिझाइन्सचे पन्नास-पन्नास शर्ट शिवणाऱ्याला गिरणी दारात उभी करत नाही. चार डिझाइन्सचे अडीचशे-अडीचशे शिवणाऱ्याला करते. दोघांचेही शर्ट हजारच आहेत. एकाच प्रतीचं कापड तीन डिझाइन्सना वापरलं, एक रंग वर्षभर चालवला, तर आकार न वाढवता किमान मात्रा गाठता येते. महाराष्ट्रातल्या ब्रँडला तर यात फायदाच आहे. इचलकरंजीत कापड विणलं जातं, सोलापुरात गणवेशाची मोठी शिलाई चालते, उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात. मालकाला सकाळी निघून स्वतः कापड बघता येतं, शिलाई तपासता येते, आणि विक्री पाहून दर महिन्याला लहान लॉट काढता येतो. सहा महिन्यांचा माल एकदम भरून ठेवण्याची गरजच काय?

मग फॅबइंडियासारखी उदाहरणं पुढे केली जातात. लहान राहिली असती तर ती देशभर पोचली असती का? पण फॅबइंडिया वाढली कशी, हे कुणी पाहत नाही. जॉन बिसेल यांनी १९६०मध्ये हातमागाच्या कापडाची निर्यात सुरू केली. दिल्लीच्या ग्रेटर कैलासमधलं पहिलं दुकान १९७६मध्ये उघडलं. मधली सोळा वर्षं विणकरांशी संबंध जोडण्यात, कापडाचा दर्जा सांभाळण्यात आणि परदेशी खरेदीदारांचा विश्वास मिळवण्यात गेली. त्या सोळा वर्षांच्या पायावर दुकानं उभी राहिली. आजचा सल्ला ती वर्षं वगळून थेट दुकानांकडे बोट दाखवतो.

आणि जिचं नाव या विषयात सगळ्यांत आदराने घेतलं जातं, त्या पॅटागोनिया कंपनीलाही घाईचा चटका बसला होता. १९८०च्या दशकात ही कंपनी झपाट्याने वाढत होती. १९९१च्या मंदीत विक्री अंदाजाइतकी वाढली नाही, माल मात्र अंदाजानुसार भरलेला होता, आणि बँकेने कर्जाची मर्यादा खाली आणली. ३१ जुलै १९९१ रोजी कंपनीने १२० माणसांना कामावरून काढलं. पाचातल्या एकाची नोकरी गेली. संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी त्यानंतर वाढीचा वेग जाणीवपूर्वक आवरला, आणि कंपनी पुढे दशकानुदशकं टिकली, मोठीही झाली. पण त्या १२० माणसांनी कुणाच्या अंदाजाची किंमत मोजली? महाराष्ट्रातल्या छोट्या ब्रँडमध्ये असा दिवस येतो तेव्हा त्याची तारीख कुठे नोंदली जात नाही. नगावर काम करणाऱ्या बायकांना फक्त सांगितलं जातं की या महिन्यात कटिंग येणार नाही.

म्हणून अडचणीतल्या ब्रँडपुढचे निर्णय वेगळ्या क्रमाने घ्यायला हवेत. सर्वांत आधी प्रत्येक डिझाइनचा हिशेब स्वतंत्र मांडायचा: परतीचा, सवलतीचा आणि जाहिरातीचा खर्च वजा करून ते पैसे देतं की खातं? जी डिझाइन्स खातात ती बंद करायची, मग ती मालकाच्या कितीही आवडीची असोत. पडून राहिलेला माल एकदाच, तोटा सोसून काढायचा, कारण कपाटातला शर्ट भाडं आणि व्याज खात राहतो, तर हाती आलेले तीनशे रुपये पुन्हा खपणाऱ्या शर्टात गुंतवता येतात. किंमत परवडत नसेल तर ती वाढवायची. शंभर रुपयांनी महाग झालेला शर्ट जुन्या ग्राहकांना नको असेल, तर त्यांना तो पहिल्यापासून फारसा नको होता. कॅश ऑन डिलिव्हरीवर मर्यादा घालायची, मापांचे तक्ते नीट करायचे, ज्या मापाचा माल सतत परत येतो त्याचा पॅटर्न दुरुस्त करायचा. ‘विकला तर पैसे’ या बोलीवरचा माल हळूहळू परत आणायचा. आणि गेल्या वर्षीच्या ग्राहकांपैकी किती जण परत आले, हा आकडा दर महिन्याला भिंतीवर लिहायचा.

यात वाढीला विरोध कुठेच नाही. यातून जो पैसा उरेल, त्यातून पाचवं डिझाइन यावं, मग सहावं यावं, पुढे दुकानही यावं. त्यातलं एखादं फसलं तरी ब्रँड बुडत नाही, कारण डाव स्वतःच्या नफ्यावर लावलेला असतो. आणि सगळे हिशेब मांडल्यावर एकही डिझाइन पैसे देत नाही असं दिसलं, तर कुणाचे पैसे बुडवण्याआधी दुकान मिटणं हासुद्धा जबाबदार निर्णय आहे. बारा माणसांचं पोट भरणारा, कर्ज नसलेला, तीच माणसं वर्षानुवर्षं ज्याचा शर्ट घेतात असा ब्रँड अयशस्वी आहे, हे ठरवण्याचा अधिकार कुणाला कुणी दिला?

वाढीचा सल्ला देणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा ठेवणं रास्त आहे. ‘स्केल करा’ म्हणण्याआधी त्यांनी चार आकडे मागावेत: परतीचा खर्च वजा जाता एका नगामागे काय उरतं, शंभरातले किती ग्राहक परत येतात, माल किती दिवसांत विकला जातो, आणि विक्रीचे पैसे हाती यायला किती दिवस लागतात. हे चार आकडे वाईट असतील तर त्या ब्रँडला वाढवू नये, दुरुस्त करावं. पहिले तीन चांगले असतील तर तो ब्रँड आपल्या कमाईतून, आपल्या वेगाने वाढेल आणि चौथ्याची दरीही त्याच कमाईतून भरून निघेल. जे सल्लागार हे आकडे न मागताच वाढीचा आग्रह धरतात, त्यांचा सल्ला मालकांनी नाकारावा, आणि तो स्वीकारून घर तारण ठेवण्याच्या कागदांवर सही तर मुळीच करू नये.